वारा चढल्यावर : शर्यतीच्या छोट्या कॅटामरानची शीडजुळणी

मंद वाऱ्यात छोटी कॅटामरान कशी चालवावी, याबद्दल शर्यतीच्या खलाशांत फारसा मतभेद नाही. वारा अठरा-वीस नॉटच्या पुढे गेला की मात्र मते फुटतात. डोलकाठी किती मागे कलवायची, शीड सपाट करायचे की सैल सोडायचे, वाऱ्याचा झोत आला की आधी कोणता दोर ढिला करायचा, या प्रश्नांवर अव्वल खलाशांची उत्तरेही एकमेकांशी जुळत नाहीत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत यावर भरपूर चर्चा झाली आहे. त्यातले काही मुद्दे आता मिटल्यात जमा आहेत, काहींवर दोन्ही बाजूंना भक्कम आधार आहे आणि काही अजून तसेच लोंबकळत आहेत.

अडचण कुठे सुरू होते

होबी १६ ही जगभर पसरलेली होडी उदाहरणाला घेऊ. तिचे वजन सुमारे १४५ किलो आणि रुंदी २.४१ मीटर. शर्यतीत दोघा खलाशांचे मिळून वजन किमान १२९.३ किलो असावे लागते. कमी भरले तर तेवढे जादा वजन होडीवर वाहावे लागते. कॅटामरानच्या दोन हलांपैकी वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलला गेला की सगळा भार पलीकडच्या, वाऱ्याआडच्या हलावर येतो. त्या हलापासून होडीचे स्वतःचे वजन जेमतेम एक मीटर अंतरावर असते. ट्रॅपीझच्या तारेला लटकून हलाबाहेर अंग झोकून दिलेल्या दोघांचे वजन मात्र तीन मीटरच्या आसपास असते. ढोबळ गुणाकार केला तरी दिसते, की होडीला उलटण्यापासून अडवणाऱ्या बळापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश बळ माणसांच्या शरीरांचे असते.

हे बळ वाढवायला आणखी काही शिल्लक नसते. शिडावरचा दाब मात्र वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा १० नॉटवरून २० वर गेला की दाब चौपट होतो. तळाशी शिशाचे वजन असलेली नौका जसजशी कलते तसतसा तिचा प्रतिकार वाढत जातो. कॅटामरानचा प्रतिकार हल उचलला जातो त्या क्षणी सर्वाधिक असतो आणि तिथून पुढे तो घटतच जातो. म्हणून दोघेही ट्रॅपीझवर गेल्यावर आणि होडी पूर्ण ताकदीने धावू लागल्यावर, पुढच्या प्रत्येक नॉटला शिडातली ताकद कुठून तरी काढून टाकावी लागते.

धोका एकाच दिशेने येत नाही. एक आहे आडवे कलंडणे. दुसरा याहून वाईट. शिडाचे बळ पाण्यापासून तीन-चार मीटर उंचीवर लागते आणि पाण्याचा विरोध खाली हलांना होतो, त्यामुळे वेग वाढला की वाऱ्याआडच्या हलाची नाळ पाण्यात दबू लागते. ती पुरती बुडाली तर होडी जागीच अडते, मागचा भाग हवेत उचलला जातो आणि सगळेच पुढे कोलांटी खाते. या दोन धोक्यांवरचे उपाय दर वेळी एकाच बाजूला जात नाहीत. वादाचे मूळ मला मुख्यतः इथे दिसते: कोणी पहिल्या धोक्याचा विचार करून बोलतो, तर कोणी दुसऱ्याचा.

पार्श्वभूमी : दोन घराणी

रुंदी वाढवून कलणे अडवण्याची युक्ती फार जुनी आहे. कोकण किनाऱ्यावर होडीच्या बाजूला उलांडी बांधतात ती त्यासाठीच. शर्यतीच्या जगाला मात्र अशा होड्या स्वीकारायला बराच काळ लागला. नॅथनेल हेरेशॉफ यांच्या ‘अमॅरिलिस’ने १८७६ साली न्यूयॉर्कमधल्या शताब्दी शर्यतीत इतर नौकांना सहज मागे टाकले. परिणाम असा झाला, की अशा होड्यांना नेहमीच्या शर्यतींची दारेच बंद झाली. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या कॅन्व्ही बेटावर प्राउट बंधूंनी शिअरवॉटर बांधली आणि छोट्या कॅटामरानच्या शर्यती खऱ्या अर्थाने रुजल्या.

पुढे दोन घराणी वेगळी झाली. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये रॉडनी मार्च यांनी टोर्नेडोची आखणी केली. लांबी ६.१ मीटर, रुंदी ३.०५ मीटर आणि शीड-डोलकाठी बारकाईने जुळवता येईल अशी रचना. ती १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होती आणि तिच्यातले पहिले सुवर्णपदक रेग व्हाइट आणि जॉन ऑझबर्न यांनी ब्रिटनला मिळवून दिले. दुसरीकडे कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टर यांनी आधी होबी १४ आणि १९७० च्या सुमारास होबी १६ आणली. लाटांतून थेट वाळूवर चढवता यावी म्हणून तिला खालच्या पाट्या, म्हणजे आडवे घसरणे रोखायला हलाखाली पाण्यात सोडायची पाती, नाहीत. हलांचा आकारच असा असमान ठेवला आहे, की होडी आडवी घसरू नये. होबीत बदलता येण्याजोग्या गोष्टी मोजक्याच असल्यामुळे तिचे खलाशी डोलकाठीच्या कलावर आणि मोठ्या शिडाच्या दोरावर भर देत आले. टोर्नेडोवाल्यांनी डोलकाठीचा बाक, तारांचा ताण आणि शिडाचा काप यांचा अभ्यास केला. आज जोरवाऱ्याच्या जुळणीवर जे सल्ले ऐकू येतात, त्यांपैकी बरेच या दोन घराण्यांतून आलेले आहेत. ते एकमेकांवर आदळतात याचे एक कारण असे, की ते मुळात वेगवेगळ्या होड्यांसाठी तयार झाले.

डाउनहॉल : जवळपास मिटलेला मुद्दा

शिडाची पुढची कड खाली खेचणारा दोर म्हणजे डाउनहॉल. त्यालाच कनिंगहॅमही म्हणतात, १९५८ मध्ये ‘कोलंबिया’ नौकेवरून अमेरिका कप जिंकणाऱ्या ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या नावावरून. जड नौकेवर त्याचे काम मर्यादित होते. कॅटामरानची डोलकाठी लवचीक, शिडात आरपार बॅटन (आडव्या पट्ट्या) आणि मागची कड बाहेर फुगलेली, त्यामुळे इथे त्याचा परिणाम कितीतरी वाढतो. पुढची कड ताणली की डोलकाठीचे टोक मागे वाकते, वरच्या भागातला फुगा सपाट होतो, उरलेला फुगा पुढे सरकतो आणि मागची कड वरून उघडते. म्हणजे ताकद सर्वांत आधी शिडाच्या माथ्यावरून निघून जाते. होडी कलवणारी तरफ तिथेच सर्वांत लांब असते, म्हणून हा सौदा फार फायद्याचा ठरतो.

चौकोनी माथ्याच्या शिडांनी या दोराला आणखी बळ दिले. डाउनहॉल ताणलेला असताना झोत आला की रुंद माथा आपोआप वाऱ्याआड वळतो आणि झोत ओसरला की परत येतो. फ्रँक बेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने झोतांना आपण होऊन प्रतिसाद देणाऱ्या शिड-डोलकाठीचा विचार सविस्तर मांडला, आणि आजच्या बहुतेक वेगवान होड्यांत तो दिसतो. फॉर्म्युला १८ सारख्या होड्यांत डाउनहॉलला आठपट किंवा त्याहून जास्त जोर मिळेल अशी कप्प्यांची जोडणी असते आणि त्याचे दोर दोन्ही बाजूंना आणलेले असतात, म्हणजे ट्रॅपीझवर लटकूनही तो हातात राहतो.

जोर वाढला की डाउनहॉल आधी ताणावा, यावर आता जवळपास सर्वांचे एकमत आहे. मतभेद उरला आहे तो एवढाच, की तो एकदा ताणून ठेवावा की प्रत्येक झोताबरोबर खेळवत राहावा. खेळवणाऱ्यांचे वेगाचे गणित पटते. पण त्यासाठी दोघांची लय जुळलेली असावी लागते, आणि उसळत्या पाण्यात एकाचे लक्ष कायम त्या दोरात गुंतून राहते.

डोलकाठी मागे कलवणे

वाद इथे सर्वांत जुना आहे आणि मला तो सर्वांत रंजक वाटतो. डोलकाठीचे टोक मागे नेले की शिडाच्या बळाचा मध्य मागे आणि थोडा खाली येतो. आठ मीटरची डोलकाठी सहा अंश मागे गेली तर टोक सुमारे ८० सेंटिमीटर मागे सरकते आणि बळाचा मध्य त्याच्या साधारण निम्म्याने. होबी १६ च्या शर्यतींत हा कल इतका वाढत गेला, की मोठ्या शिडाच्या दोराचे वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांना टेकू लागले. कप्पे टेकल्यावर शीड आणखी ताणता येत नाही, म्हणून कमी उंचीचे कप्पे आले आणि कल पुन्हा वाढला.

कलाच्या बाजूचे लोक तीन कारणे देतात. नाळेवरचा भार कमी होतो. मागे झुकलेले शीड होडीला पुढे ओढता ओढता किंचित वरही उचलते. आणि होडी वाऱ्याच्या जवळ जाऊन चालते. होबी १६ च्या नाळेत उचल कमी असल्याने यातले पहिले कारण तिच्या बाबतीत खरोखर वजनदार आहे.

विरोधी बाजूचे म्हणणेही तितकेच मुद्देसूद आहे. मध्य मागे गेला की होडी सतत वाऱ्याकडे वळू पाहते. मग सुकाणू तिरके धरून ठेवावे लागते आणि तिरके सुकाणू म्हणजे पाण्यातला ब्रेक. होबीवाले यासाठी सुकाणूची पाती पुढे झुकवून घेतात, पण त्यालाही मर्यादा आहे. दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे. सहा अंशांच्या कलात वर उचलणारा घटक पुढे ओढणाऱ्या बळाच्या साधारण दहाव्या भागाइतकाच येतो, आणि दोघे खलाशी हलावर हातभर मागे सरकले तरी नाळ बऱ्यापैकी वर येते. मग एवढा कल कशाला?

खाली पाट्या असलेल्या होड्यांत कल आधीपासूनच कमी ठेवला जातो. तिथे जोरवाऱ्यात थोडा कल वाढवणे ही सर्वसाधारण रीत आहे, पण किती, याचे उत्तर होडीगणिक आणि जोडीगणिक बदलते. पाटी थोडी वर ओढून घेणे हा तिथला आणखी एक उपाय. पाण्यातला आधार वर आला की कलंडवणारी तरफ आखूड होते आणि झोतात होडी थोडी आडवी घसरून ताकद सोडते. अलीकडच्या लांब, अरुंद पाट्यांच्या होड्यांत मात्र ती पूर्ण खाली ठेवूनच चालवणारे बरेच जण आहेत.

शीट की ट्रॅव्हलर

झोत आला. मोठ्या शिडाचा दोर, म्हणजे शीट, सोडायचा की ट्रॅव्हलरवरून, म्हणजे त्या दोराचे खालचे टोक आडवे सरकवणाऱ्या गाड्यावरून, पूर्ण शीड वाऱ्याआड सरकवायचे?

शीट सोडली की शिडाची मागची कड उघडते आणि माथा ताकद सोडतो. प्रतिसाद झटपट मिळतो. होबी १६ मध्ये याची किंमत जास्त मोजावी लागते. तिथे मोठ्या शिडाच्या ताणानेच पुढच्या शिडाची, म्हणजे जिबची, पुढची कड ताणलेली राहते. शीट सोडली की जिब ढिली पडून आणखी फुगते आणि ताकद कमी करायची तिथेच ती वाढते. म्हणून होबीच्या जुन्या जाणत्यांचा सल्ला असा, की शीट घट्टच ठेवा आणि ट्रॅव्हलर खाली सोडा.

ट्रॅव्हलर सोडणाऱ्यांच्या वाटेतही खड्डे आहेत. शीड जसेच्या तसे, माथ्यासह वळते. खालचा भाग, जो कलंडवण्यात फारसा भाग घेत नाही आणि पुढे ओढण्यात मात्र चांगला उपयोगी पडतो, तोही ताकद गमावतो. शिवाय मोठे शीड जिबच्या मागे दडते, दोघांमधली फट अरुंद होते आणि जिबची हवा मोठ्या शिडाच्या पाठीवर आदळू लागते. तेव्हा जिबचा दोरही बाहेर आणि मागे न्यावा लागतो, म्हणजे जिबचा तळ सपाट होतो आणि माथा उघडतो. चौकोनी माथा आणि जोरदार डाउनहॉल असलेल्या होड्यांत आता ट्रॅव्हलर मध्याच्या जवळ ठेवून शीट खेळवण्याकडे कल आहे. अशा होड्यांवर वाऱ्याविरुद्ध जाताना शीट पुष्कळदा सुकाणूवाल्याच्या हातात नसून जोडीदाराच्या दोन्ही हातांत असते.

माझ्या मते हा मुद्दा वादाचा उरलेला नाही, कारण होडी सांगितल्याशिवाय तो मांडताच येत नाही. जिबचा ताण शीटवर अवलंबून असलेल्या होडीला एक उत्तर लागू पडते, तसे नसलेल्या होडीला दुसरे.

डोलकाठीचे फिरणे आणि बाक

कॅटामरानची डोलकाठी स्वतःभोवती फिरते. तिचा छेद लांबट असतो आणि तो शिडाच्या रेषेत यावा, म्हणजे वारा पुढच्या कडेवरून सुरळीत जावा, ही मूळ कल्पना. जोरवाऱ्यात ती किती फिरू द्यावी?

एक मत, आणि ते बहुसंख्यांचे आहे, असे की फिरणे कमी करावे. स्प्रेडर (डोलकाठीचे आडवे हात) मागे वळवून त्यांवरून जाणाऱ्या डायमंड तारा ताणल्या की डोलकाठीला तिच्या लांबट बाजूच्या दिशेने आधीच बाक येतो. डोलकाठी कमी फिरली तर हा बाक होडीच्या लांबीच्या दिशेने राहतो आणि शीड सपाट होते. दुसरे मत असे की ती मोकळी फिरू द्यावी, म्हणजे पुढची कड स्वच्छ राहते. ताकद डाउनहॉलने काढावी, वाऱ्याची धार कशाला बिघडवायची? दोन्ही पद्धतींनी शर्यती जिंकल्या गेल्या आहेत. डोलकाठीचा कडकपणा, शिडाच्या पुढच्या कडेचा काप आणि तारांचा ताण हे तिन्ही एकमेकांत इतके अडकलेले आहेत, की यातले एक बदलून दुसऱ्यांचा परिणाम वेगळा काढणे पाण्यावर जवळपास अशक्य होते.

बाकाबद्दल मात्र एक गोष्ट पक्की म्हणता येते. बाक शिडाच्या कापापेक्षा जास्त झाला तर मधल्या भागातून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे तिरक्या सुरकुत्या पडतात. त्या पडल्यावर आणखी बाक देण्यात अर्थ नाही.

वाऱ्याबरोबर परत येताना

वाऱ्याविरुद्ध जाताना चूक झाली तर होडी वाऱ्यात वळवून थांबवता येते. परतीच्या वाटेवर, विशेषतः वळण घेऊन वाऱ्यापासून दूर जाताना, एक असा टप्पा येतो जिथे वर वळले तर कलंडायची भीती आणि खाली वळले तर वेग वाढून नाळ बुडायची भीती. तिथे अंगे मागे नेणे, वळण्याआधी डाउनहॉल ताणलेला असणे आणि वळताना शीट सोडणे यावर सर्वांचे एकमत आहे.

टोर्नेडोला २००१ मध्ये असममित स्पिनेकर (परतीच्या वाटेवर उभारायचे मोठे फुगीर शीड) आणि दोन ट्रॅपीझ मिळाल्या, त्याआधी फॉर्म्युला १८ ने १९९० च्या दशकातच स्पिनेकर स्वीकारला होता. तेव्हापासून नवा वाद सुरू आहे. वीस-पंचवीस नॉटमध्ये स्पिनेकर उभारावा का? उभारणाऱ्यांचे म्हणणे असे की तो नाळ थोडी उचलतो आणि होडीला खोल कोनात, झोताबरोबर खाली वळत, सुरक्षित पळता येते. न उभारणारे लाटांकडे बोट दाखवतात: पुढच्या लाटेच्या पाठीत नाळ घुसली तर स्पिनेकर काहीच वाचवत नाही. दोन्ही बाजू मान्य करतात अशी एक गोष्ट आहे. स्पिनेकर वर असताना मोठ्या शिडाची शीट पूर्ण सोडायची नाही. या होड्यांना मागून आधार देणारी तार नसते आणि मोठ्या शिडाची मागची कडच डोलकाठीला मागून धरून ठेवते.

यातूनच डाउनहॉलचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ताणलेला ठेवला तर माथा सपाट राहतो, पण मागची कड सैल पडून डोलकाठीचा आधार घटतो. सोडला तर आधार मिळतो, पण शीड फुगते. बरेच जण मधला मार्ग धरून तो थोडा सोडतात. ‘थोडा’ म्हणजे किती, यावर कोणाचेही एकमत नाही.

वजन आणि छापील आकडे

शिवणकार आपल्या शिडांबरोबर जुळणीचे तक्ते देतात: या वाऱ्यात कल इतका, तारांचा ताण इतका. ते उपयोगी आहेत, पण बऱ्याचदा एका विशिष्ट वजनाच्या जोडीला धरून केलेले असतात. फॉर्म्युला १८ चे नियमच सांगतात की वजन हीच ताकद आहे. तिथे हलक्या जोडीसाठी लहान जिब आणि लहान स्पिनेकरची तरतूद आहे. मोठे शीड मात्र सर्वांना सारखेच. म्हणून हलक्या जोडीला डोलकाठीचा बाक जास्त आणि डाउनहॉल लवकर लागतो. विजेत्या जोडीचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेण्याची सवय मला हानिकारक वाटते. दहा-पंधरा किलोंच्या फरकानेही ती जुळणी हलक्या जोडीला लवकर अपुरी पडू शकते.

शीड लहान करण्याचा, म्हणजे रीफ घालण्याचा, साधा उपाय शर्यतीच्या होड्यांतून जवळपास निघून गेला आहे. जुन्या होबी १६ च्या शिडांत ती सोय असे. शिकणाऱ्यांना ती परत मिळावी असे सुचवणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सपाट केलेले पूर्ण शीडही नवख्या हातांना पंचवीस नॉटमध्ये जास्तच असते.

पाण्यावरून उडणाऱ्या होड्या

नॅक्रा १७ रिओ २०१६ मध्ये वाकड्या पाट्यांसह आली आणि टोकियोच्या ऑलिंपिकपासून ती पूर्णपणे पाण्यावरून उडू लागली. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे इटलीच्या रुजेरो तिता आणि कॅतेरिना बांती यांनी सुवर्ण जिंकले. हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेतही हा प्रकार होता आणि भारताची जोडी त्यात उतरली होती, त्यामुळे ही चर्चा आता आपल्याकडच्या खलाशांचीही आहे. एकट्याने चालवायच्या ए-क्लासमध्ये उडणाऱ्या आणि न उडणाऱ्या होड्यांचे वेगळे विभाग झाले आहेत. उडणाऱ्या होड्यांचे शीड आता खाली, हलांमध्ये ताणलेल्या जाळ्यापर्यंत येते, म्हणजे बळाचा मध्य खाली राहतो.

या होड्यांनी जुन्या वादातला एक धागा वेगळा करून दाखवला आहे. सुकाणूंच्या तळाशी आडवी पाती असली की होडीचा मागचा भाग पाण्यात धरून ठेवला जातो आणि कोलांटीचा धोका बराच कमी होतो. नाळ वर ठेवण्यासाठी डोलकाठी मागे कलवणाऱ्यांचे मुख्य कारण तिथे दुबळे पडते. वाऱ्याच्या जवळ चालता यावे आणि बळाचा मध्य खाली यावा म्हणून कलवणाऱ्यांचे कारण मात्र टिकून राहते. वेग इतका वाढतो की होडीला जाणवणारा वारा नेहमी पुढूनच येतो. म्हणून मध्यम वाऱ्यातही शीड सपाट ठेवावे लागते, आणि ‘जोरवाऱ्याची जुळणी’ कुठे सुरू होते ही रेषाच खाली सरकली आहे. डोलकाठीच्या फिरण्याबद्दलची दोन्ही मते या होड्यांवरही तशीच आमनेसामने आहेत. फरक एवढाच, की आता त्यांच्यासोबत पाट्यांचा कोन हाही एक बदलता घटक येऊन बसला आहे, आणि तो शर्यत चालू असतानाही हलवता येतो.